कोकण रेल्वे साडेसात वर्षांत झाली, मग गाडी क्रॉसिंगला का थांबते?

पोस्ट मोठी आहे. सवड काढून वाचा, मधेच सोडू नका.

यंदा गणपतीला गावी जाताना गाडी सावर्ड्याला क्रॉसिंगला थांबली. पंचवीस मिनिटं झाली तरी समोरून काही येईना. बाहेर धो धो पाऊस, आत पंखे बंद. समोरच्या बाकावर गोरेगावचा एक तरुण पोरगा होता, हातात मोबाईल. तो म्हणाला, "काका, ही अख्खी रेल्वे साडेसात वर्षांत बांधली म्हणे. मग आपला हायवे २०११ पासून का रखडलाय? श्रीधरनसारखा माणूस नाही म्हणून, दुसरं काय!"

त्याच्या बाजूला देवरुखचे एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, "एवढा हुशार माणूस होता तर मग रूळ एकच का टाकला रे? बस आता इथं."

दोघांचेही प्रश्न बरोबर होते. आणि गंमत अशी की दोन्हींचं उत्तर एकच आहे. गाडीत पाऊस आणि फेरीवाले यांच्यात ते नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी सिव्हिल इंजिनिअर. साईटवर वीसेक वर्षं गेली. चाळिशीत पोटापाण्यासाठी प्रोजेक्ट मॅनेजमेंटची परीक्षा द्यावी लागली. त्या परीक्षेचं बायबल म्हणजे अमेरिकेतल्या पीएमआय या संस्थेचं पुस्तक, बोलताना सगळे त्याला 'पिमबॉक' म्हणतात. संस्था १९६९ ची. पुस्तकाची पहिली आवृत्ती १९९६ ची. त्यात प्रकल्प चालवायला लागणाऱ्या ज्ञानाचे नऊ भाग केले होते: समन्वय, कामाची व्याप्ती, वेळ, खर्च, दर्जा, माणसं, संवाद, जोखीम आणि खरेदी-कंत्राटं. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत दहावा भाग आला, कामाशी ज्यांचा संबंध येतो त्या सगळ्या लोकांचा. म्हणजे जमीनवाले, शेजारी, विरोधक, सरकार, प्रवासी.

परीक्षेला आम्ही हे दहा भाग दहा कप्प्यांसारखे पाठ केले. खर्च या कप्प्यात, जोखीम त्या कप्प्यात. पास झालो. पण पुस्तक वाचताना मला सारखी आठवत होती ती आमच्या गावाखालून गेलेली रेल्वे. कारण तिथे हे कप्पे नव्हतेच. तिथे होती खाटेच्या सुंभासारखी वीण. एक पेड इकडे ओढला की तिकडचा सैल पडतो नाहीतर तुटायला येतो. हे कसं, ते आता या रेल्वेच्याच इतिहासातून सांगतो.

वळणापासून सुरुवात

कोकणात रेल्वे यावी ही मागणी जुनी. अ. ब. वालावलकरांनी त्यासाठी आयुष्य वेचलं, नाथ पैंनी आणि मधु दंडवत्यांनी संसदेत घसा कोरडा केला. पण रेल्वेच्या वार्षिक बजेटमधून दरवर्षी थोडे थोडे पैसे मिळायचे आणि काम तेवढंच सरकायचं. रोह्यापर्यंत गाडी यायला १९८६ साल उजाडलं. रोह्याच्या पुढे कोकण तसंच.

मग १९८९ च्या डिसेंबरात दिल्लीत एक योग जुळला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, मधु दंडवते अर्थमंत्री, रामकृष्ण हेगडे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. एक मंगळूरचा, एक राजापूरचा खासदार, एक उत्तर कन्नडमधला. तिघांचाही या किनाऱ्याशी संबंध. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे कॉर्पोरेशन ही वेगळी कंपनी स्थापन झाली आणि ई. श्रीधरन तिचे प्रमुख झाले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत साधारण ७४० किलोमीटर. मुदत पाच वर्षं.

आता कामाची व्याप्ती बघा. म्हणजे नक्की काय बांधायचं आणि काय नाही. ठरलं असं: ब्रॉडगेज, एकेरी मार्ग, ताशी १६० किलोमीटर वेगाला पुरेल अशी आखणी. चढ किती? दीडशे मीटर अंतरात फार तर एक मीटर. वळण किती? साडेबाराशे मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं नको.

कागदावर हे दोन आकडे. पण कोकणचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सह्याद्रीच्या सोंडा पूर्वेकडून पश्चिमेला उतरतात, नद्याही तशाच. आणि रेल्वे जाणार उत्तर-दक्षिण. म्हणजे प्रत्येक सोंड आणि प्रत्येक नदी आडवी येणार. एसटीला घाटात वळसे घालता येतात. साडेबाराशेचं वळण ठरवलं की रेल्वेला ती सोय राहत नाही. डोंगर आला की पोटातून नाहीतर कापून जायचं, दरी आली की वरून जायचं. म्हणून नव्वदवर बोगदे आले, मिळून ऐंशी किलोमीटरहून जास्त. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटा साडेसहा किलोमीटर. लहान-मोठे दोन हजारांच्या आसपास पूल. पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच.

हा झाला पहिला पेड. व्याप्तीतल्या एका वळणानं खर्च ठरवला, वेळ ठरवली आणि जोखीमही ठरवली.

पैसा आणि घड्याळ

कंपनीचं भांडवल ८०० कोटी. त्यात केंद्राच्या रेल्वे खात्याचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. पण काम शेवटी गेलं साडेतीन हजार कोटींच्या घरात. बाकीचा पैसा उभा केला रोखे विकून, म्हणजे लोकांकडून व्याजानं घेऊन.

याचा फायदा असा की दरवर्षी बजेटकडे आ वासून बसायला नको. तोटा असा की व्याज शनिवार-रविवार बघत नाही, पावसाळाही बघत नाही. गाडी धावेपर्यंत कमाई शून्य आणि व्याज चालू. म्हणजे उशीर झाला की तो थेट खर्चात जाऊन बसतो. कार्यालयांमधून उलटी चालणारी घड्याळं लावली होती, किती दिवस उरले ते दाखवणारी. लोक त्यात शिस्त बघतात. मला त्यात व्याजाचं मीटर दिसतं.

मुदत गाठायची तर एका टोकाकडून सुरुवात करून दुसऱ्या टोकाला पोचू, हा जुना खाक्या चालणार नव्हता. सगळीकडे एकदम काम हवं. म्हणून मार्गाचे सात विभाग केले, प्रत्येकावर एक मुख्य अभियंता, त्याला जागेवर निर्णय घ्यायचे अधिकार. इथे वेळ आणि माणसं हे दोन भाग जोडले गेले. कठीण खडकातल्या बोगद्यांसाठी स्वीडनहून हायड्रॉलिक यंत्रं आली. इथे खरेदी जोडली गेली. यंत्र महाग, म्हणून ते रिकामं उभं राहता कामा नये. म्हणजे पुढची जमीन ताब्यात हवी. इथे लोक जोडले गेले.

पऱ्याचं पाणी

जमीन सुमारे ४२ हजार लोकांची होती. कोकणात एकेका तुकड्याच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली अर्धी मुंबईत. तरी ती बऱ्याच लवकर हातात आली, कारण लोकांनाच गाडी हवी होती.

आमचीही नऊ गुंठे भातजमीन त्यात गेली. मी तेव्हा शाळेत होतो. मोजणीवाले आले, ओटीवर बसले, चहा झाला. त्यातला एक तरुण साहेब बाबांना मोबदल्याचं समजावत होता. आजी आतून बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "पैशाचं नंतर सांग. पावसात पऱ्याचं पाणी जाणार कुठनं ते सांग आधी."

साहेबाला पऱ्या माहीत नव्हता. मार्च महिना, पऱ्या कोरडा. बाबा त्याला घेऊन गेले आणि दाखवलं, जुलैत पाणी कुठवर चढतं ते. तिथे पुढे भरावाखाली मोरी झाली. अजून आहे.

तेव्हा मला हे साधं वाटलं होतं. आज कळतं की आजीच्या त्या एका वाक्यात लोक, संवाद, जोखीम आणि दर्जा एकदम होते. ती बोलली नसती, किंवा त्यानं ऐकलं नसतं, तर मोरी झाली नसती आणि पुढच्या एखाद्या पावसात भराव बसला असता.

गोव्यात हे इतकं सोपं झालं नाही. तिथे लोकांचं म्हणणं होतं की दाट वस्तीच्या, खाजण शेतीच्या आणि जुन्या वारशाच्या भागातून रेल्वे नको, आतल्या बाजूनं न्या. आंदोलनं झाली, प्रकरण तापलं. १९९३ मध्ये केंद्रानं गोव्यातलं काम थांबवलं आणि न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमला. आयोगानंतर मार्ग साधारण तोच राहिला, पण महिने गेले. बाकी ठिकाणी यंत्रं धडधडत होती, व्याज चालू होतं आणि मधला तुकडा गप्प.

आता तारखा बघा. पिमबॉकमध्ये लोकांचा वेगळा भाग आला २०१३ साली. गोव्यानं तो धडा १९९३ मध्ये दिला होता. पुस्तकं नेहमी मागूनच येतात.

पेडण्याची माती

गोव्याच्या हद्दीतला पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा. करबुड्याच्या चौथा हिस्साही नाही. पण करबुड्याला खडक होता, पेडण्याला ओली मऊ माती. खडक फोडायला यंत्र आहे. चिखल फोडता येत नाही, तो मागे ढासळतो. इथे स्वीडनची यंत्रं कामाची नव्हती. हातानं, थोडं थोडं, आधार देत जायचं. कोसळायचं, परत सुरू करायचं.

शेवटी अशी वेळ आली की मुंबईकडून गाडी सावंतवाडीपर्यंत येते, मंगळूरकडून पेडण्यापर्यंत येते आणि मधे एवढासा बोगदा अडलाय. सातशेवर किलोमीटर तयार, पण प्रकल्प पुरा नाही. २६ जानेवारी १९९८ ला अखेर पूर्ण मार्गावर गाडी धावली. पाचाची साडेसात वर्षं झाली. जगाच्या हिशेबात हे तरीही झपाट्याचंच काम.

पण त्याची एक किंमत रुपयांत मोजता येत नाही. बांधकामात सत्तरहून जास्त माणसं गेली. रत्नागिरी स्टेशनला त्यांचं स्मारक आहे. गणपतीच्या गर्दीत बॅगा सांभाळत आपण त्याच्या बाजूनं जातो. कधी थांबून बघा.

बावीस जून

इथे कौतुकाच्या पोस्टी संपतात. मला पुढे जायचंय.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला निघालेली हॉलिडे स्पेशल रुळावर पडलेल्या दरडीवर आदळली. पन्नासहून जास्त माणसं गेली. वर्षही पुरं झालं नाही तोच, १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा दरडीमुळेच घसरली, डबे पुलावरून खाली गेले. आणखी बळी.

डोंगर कापताना बाजूचा उतार किती सौम्य ठेवायचा, हा प्रश्न दिसायला दर्जाचा. पण उतार सौम्य करायचा तर वरची आणखी जमीन लागते, म्हणजे लोक आले. आणखी माती काढावी लागते, म्हणजे खर्च आला. आणखी दिवस लागतात, म्हणजे वेळ आणि व्याज आलं. उतार उभा ठेवला की हे सगळं वाचतं आणि सगळं जोखमीच्या खात्यावर जमा होतं. कोकणातला पाऊस ते खातं कधीतरी वटवतोच. कोणाला दोष द्यायला हे लिहीत नाही. या प्रश्नाचं पूर्ण सुरक्षित उत्तर कुठल्याही इंजिनिअरकडे नसतं, मोजूनमापून केलेली तडजोड असते. पण तडजोड केली की ती कुठेतरी जमा होते, एवढं लक्षात ठेवायला हवं.

त्या अपघातांनंतर दरडींना जाळ्या बसल्या, उतार सौम्य केले, पावसात गस्त वाढली. आणि दर जूनला कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं. गाड्या हळू, मुसळधार पावसात तर ताशी ४० वर. १६० च्या वेगासाठी आखलेल्या मार्गावर! सुरुवातीला जी जोखीम पुरती मोजली गेली नाही, ती आज आपल्या तिकिटावरच्या वेळेत छापून येते. पेडण्याची माती अजून शांत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये बोगद्याची भिंत कोसळली, जुलै २०२४ मध्ये आत पाणी आलं, दोन्ही वेळा गाड्या दुसऱ्या मार्गानं वळवाव्या लागल्या.

आणि आजोबांचा एकेरी रूळ? तीही तेव्हाचीच तडजोड. दुहेरी धरला असता तर बोगदे रुंद, पूल रुंद, जमीन जास्त, कर्ज जास्त. कदाचित आजही आपण 'कोकणात रेल्वे आलीच पाहिजे' अशा सभा घेत बसलो असतो. एकेरी धरला म्हणून गाडी आली. एकेरी आहे म्हणून ती सावर्ड्याला थांबते. रोहा ते वीर दुहेरी झालं २०२१ मध्ये, पुढे अजून एकच.

माझी टाकी

दुसऱ्यांच्या कामावर एवढं बोललो, आता स्वतःचं सांगतो. नाव-गाव सांगत नाही.

नोकरीच्या सुरुवातीला एका डोंगरातल्या गावच्या नळपाणी योजनेवर मी साईट इंजिनिअर होतो. चार वाड्यांची योजना: विहीर, पंप, टाकी, पाईप. काम निम्म्यावर असताना एक फोन आला, पाचवी वाडी घ्या. पैसे तेवढेच. मग पाईपचा व्यास कमी केला. कातळात चर हवा तेवढा खोल गेला नाही. मार्चअखेर बिल निघायला हवं, म्हणून विहिरीच्या पाण्याची चाचणी मे महिन्याऐवजी जानेवारीत उरकली. जानेवारीत पाणी होतंच. कागदावर सही माझी.

उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो छापून आला. मे महिन्यात विहिरीनं तळ दाखवला आणि पाचही वाड्यांत टँकर आला. दोन वर्षांनी त्या बाजूला गेलो होतो. एक बाई म्हणाली, "साहेब, तुमच्या टाकीच्या गजाला आम्ही कपडे वाळत घालतो."

मी तेव्हा एकही भाग पूर्ण सोडला नव्हता. खर्च सांभाळला, मुदत सांभाळली. फक्त एक पेड ओढला की दुसरीकडे काय होतं, हे बघायला कोणी नव्हतं. मीही बघितलं नाही.

आता हायवे

म्हणून त्या पोराला माझं उत्तर: श्रीधरन मोठे खरेच. पण नुसता माणूस मोठा असून भागत नाही. कोकण रेल्वेत आखणी, पैसा, कंत्राटं आणि मुदत हे सगळे पेड एका कंपनीच्या हातात होते आणि चुकलं तर विचारायचं कोणाला हे ठरलेलं होतं. पिमबॉकच्या त्या यादीत 'समन्वय' पहिला होता तो यासाठीच. हायवेचे तुकडे पडले, कंत्राटदार बदलले, जमिनीचा मोबदला एका टेबलावर, वनखात्याची परवानगी दुसऱ्या, न्यायालयातल्या तारखा तिसऱ्या. प्रत्येक जण आपापला कप्पा सांभाळून मोकळा. आणि हेही बघा: २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, माणसं गेली, आणि त्याच महामार्गावरचा नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. म्हणजे जमत नाही असं नाही. सगळे पेड एका हातात आले की जमतं. त्यासाठी दर वेळी माणसं मरायला हवीत का, एवढाच प्रश्न आहे.

शेवटी आपल्या हातातलं. तुमच्या गावात रस्ता, साकव, नळयोजना, शाळेची इमारत, काहीही मंजूर झालं की ग्रामसभेत 'किती कोटींचं?' एवढंच विचारून बसू नका. हे विचारा:

नक्की काय होणार आणि काय नाही होणार? मधेच काम वाढवलं तर पैसे आणि दिवस कुठून येणार? घाई केली तर दर्जा कुठे कमी होणार? भर पावसात आणि भर मे महिन्यात हे काम टिकेल का, हे कोणी आणि कधी तपासलं? आणि हे सगळं एकत्र बघणारा एक माणूस कोण, त्याचा नंबर काय?

इंजिनिअर चिडेल. मीही चिडलो असतो. पण आमच्या आजीनं विचारलं म्हणून मोरी झाली. त्या पाच वाड्यांत मला कोणी विचारलं नाही.

तुमच्याकडच्या एखाद्या कामाचा कुठला पेड सुटला, किंवा कोणी विचारलं म्हणून सावरला, ते खाली कमेंटमध्ये लिहा. नुसता राग नको, काय झालं ते लिहा. वाचून उत्तर देईन.

ता. क. गाडी सावर्ड्याहून चाळीस मिनिटांनी सुटली.